परतीची तारीख : कारखाना

वाचनालयातल्या त्या खुर्चीवरून मला उठवलं. उठवणारा पोरगा बावीस-तेवीसचा, बोलणं अगदी नरम. "काका, ही जागा भरतीवाल्याची हाय. तो पळायला गेलाय, येईल आता." उठवलं याचं जास्त लागलं की काका म्हटल्याचं, हे अजून ठरलेलं नाही.

मुळात मी तिथं वाचायला गेलोच नव्हतो. अंबाजोगाईचे दोन दिवस छान गेले. योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी, सगळं झालं. त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय, मी नव्यानं काय सांगणार. परतताना वाटेत एका मित्राच्या गावी उतरलो, तर मित्र लग्नाच्या वऱ्हाडात गेलेला आणि फोन बंद. न कळवता जाणाऱ्याचं असंच व्हायला हवं. त्याच्या आईनं पोटभर जेवू घातलं. "अजून अर्धी घ्या की" हा आग्रह मला सोसत नाही, पण अर्धी घेतली, मग अजून अर्धी घेतली. तेवढ्यात लाइट गेली. एप्रिलची दुपार, पत्र्याचं घर. "वाचनालयात जाऊन बसा, तिथं बॅटरीवर पंखा चालतो," म्हणाल्या.

म्हणून गेलो. एक मोठी खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मधे दोन लांब टेबलं. खुर्च्यांवर कुणी उशी बांधलेली, कुणी टॉवेल टाकलेला. पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा. वाचणारे पंधरा-वीस जण, पण कपाटाकडे कुणी बघत नव्हतं. पुस्तकं आपापली, घरून आणलेली. वाचनालयाकडून हवा फक्त पंखा आणि शांतता. वर्तमानपत्राच्या स्टँडवर जाहिरातीच्या जागी चौकोनी भोकं. ब्लेडनं इतकं नेटकं कापलेलं की मागच्या पानावरचा पुढारी गळ्यापासून खाली शाबूत होता. हे कसलं वाचनालय, असा एक पुणेरी विचार मनात येऊन गेला. आला तो आला, लपवत नाही.

टेबलामागे ग्रंथपाल ताई साडीला फॉल लावत होत्या. उभ्याउभ्या काय करायचं म्हणून मी देवघेवीचं रजिस्टर चाळायला घेतलं. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची तारीख. आणि परतीच्या रकान्यात तारखेऐवजी एक शब्द : कारखाना. खाली पुन्हा कारखाना. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर तर ओळीनं.

"बांधणीला पाठवलीत वाटतं एवढी?" मी विचारलं.

ताई सुई हातात धरून हसल्या. "ऊसतोडीला गेलीत सर. माणसं बी, पुस्तकं बी."

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जाऊन ती फेडायची. परत येणं मार्च-एप्रिलात, कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे गाळप संपेल, तेव्हा. जी पोरं मागं ठेवता येत नाहीत तीही बरोबर जातात. वाचनालयाचा नियम पंधरा दिवसांचा. "पंधरा दिवसाला ती फडावरून येणार कशी? मग लिहिते कारखाना. पट्टा पडला की परतीची तारीख."

गुरुवारी दुपारी ताई घरोघर पुस्तकं पोचवतात, आणि तो गुरुवार होता. मला खुर्ची नव्हतीच, निघालो पिशवी घेऊन. पिशवीत खाली पुस्तकं, वर फॉल लावलेल्या साड्या. वाचनालय 'ड', म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातलं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि ताईंचा पगारही त्याच्यातच, म्हणजे तोही वर्षातून दोनदा. मधल्या महिन्यांत फॉल-पिको आणि किराणा दुकानातली उधारी. 12 ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जन्मदिवशी, ग्रंथपाल दिन असतो. समिती ताईंना शाल देते. "शाली झाल्यात सहा," एवढंच म्हणाल्या. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदनही वाचनालयापुढेच होतं. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण 53 या फर्मानामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती, तेव्हा वाचायला म्हणून चार माणसं एकत्र बसणं यालाही केवढी किंमत असेल, हे मला त्या रस्त्यानं चालताना पहिल्यांदा जाणवलं. पुस्तकात दोनदा वाचलं होतं, पण चढ नव्हता आणि ऊन नव्हतं.

पहिल्या घरी आजीबाईंना मोठ्या टायपाचं पुस्तक हवं होतं. दुसऱ्या घरी साडी दिली, पुस्तक आत ठेवून. सासू ओट्यावर बसलेली होती. परत आलेल्या पुस्तकांत खुणेला काय काय सापडलं : आडतीची पावती, टिकल्यांचं पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी. ताई ते फेकत नाहीत. कोण कुठल्या पानावर अडकलं ते त्यावरून कळतं म्हणे, मग पुढच्या वेळी त्या बेतानं पुस्तक निवडायचं.

शेवटचं घर वस्तीवरचं. चार दिवसांपूर्वीच फडावरून परतलेलं कुटुंब, दारात अजून बोचकी बांधलेली. चौदाएक वर्षांची पोरगी आतून तीन पुस्तकं घेऊन आली आणि ताईंच्या हातात न देता ओट्यावर ठेवून मागं सरकली. एक पाण्यानं फुगलेलं. फडावरच्या कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, पाऊस शिरला होता. दुसरं बरं होतं, कडांना काजळी. तिसऱ्याची शेवटची चार पानं नव्हती.

"भावानं फाडली," ती म्हणाली. "रांगतोय."

माझ्या डोक्यात दंड, किंमत, अनामत असं चालू झालं. ताईंनी विचारलं, "तू वाचलीस का फाडायच्या आधी?"

"दोनदा."

"मग लिहून दे. वहीच्या दोन कागदांत बसव. डिंकानं चिकटवू."

परतताना मी म्हणालो, तपासणीला साहेब आले तर? "साहेब पुस्तकं मोजतात सर, पानं नाई."

वाचनालयात आल्यावर त्यांनी कपाटातून असंच एक पुस्तक काढून दाखवलं. छापील पान संपतं आणि निळ्या बॉलपेनचं, वहीच्या दुरेघी कागदावरचं पान सुरू होतं. अक्षर गोल, ऱ्हस्व-दीर्घ मनाला येईल तसं. "हे लिहिणारीनं शेवट बदललाय," ताई म्हणाल्या. "खऱ्या पुस्तकात तो गडी परत येत नाई. हिच्यात येतो."

मला ते पटलं नाही, आणि तसं मी म्हणालोही. लेखकानं विचार करून लिहिलेला शेवट आहे, पुढच्या वाचकाची फसवणूक होते, नवीन प्रत मागवायला हवी, वगैरे. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांना त्या तोंडी दोन्ही शेवट सांगतात. एका बाईनं ऐकून घेऊन तरी निळ्या शाईचाच खरा धरला.

भरतीवाला एव्हाना येऊन आपल्या उशीवर बसला होता. पोरं 14 एप्रिलच्या 18 तास सलग अभ्यासाची यादी करत होती : कोण चहा आणणार, कोण वाती आणि रॉकेलची चिमणी, बॅटरी दगा देते म्हणून. मलाही विचारलं, थांबणार का काका. नाही म्हणालो. अठरा तास मी झोपूही शकत नाही.

निघताना ते निळ्या शाईचं पुस्तक वाचायला मागितलं. अनामत भरतो, टपालानं परत पाठवतो म्हणालो. ताईंनी मान हलवली.

"बाहेरगावच्याला देत नाई सर. पुण्याला गेलेली दोन अजून आली नाईत."

माझ्या घरी एका वाचनालयातून आणलेलं चरित्र अकरा वर्षांपासून पडून आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. पिशवी खुंटीला अडकवून दिली आणि स्टँडकडे निघालो.