क्रोन्स शांत असतानाच करून घेतलेली दुर्बिणीची तपासणी

माझा क्रोन्स, म्हणजे आतड्यांना वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, फक्त लहान आतड्याच्या टोकाशी नाही, मोठ्या आतड्याचाही बराच भाग त्याने धरलाय. त्रास सुरू होऊन 8 वर्षं होत आली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, सांगितली. पोट शांत होतं, वजन भरलं होतं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "दुखत नाही तं कायले उकरतं वं बाई?"

हेच मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मोठं आतडं वर्षानुवर्षं सुजत राहिलं की अस्तराच्या पेशी बदलू शकतात, पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. म्हणून मोठ्या आतड्याचा तिसरा हिस्सा किंवा जास्त धरला असेल तर 8 वर्षांनी तपासणी सुरू करतात, आणि ही वर्षं निदानापासून नाही, पहिल्या लक्षणांपासून मोजायची. आपल्याकडे कितीतरी जणांना आधी आतड्याचा टीबी समजून औषधं चालतात, त्यात वेळ जातो. त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पीएससी, म्हणजे पित्तनलिका सुजून अरुंद होण्याचा आजार, सोबत असेल तर थांबायचंच नाही, तो कळल्यापासून दरवर्षी. सूज असताना बदललेल्या पेशी ओळखणं अवघड, म्हणून बरं असतानाच पाहायचं.

खरी कसोटी पोट साफ करण्याची. गावात नळ एक दिवसाआड, संडास अंगणापलीकडे, आणि जुलाबाच्या औषधाचा दुसरा भाग तपासणीच्या दिवशी पहाटे. ते पिऊन एसटीत बसणं शक्यच नव्हतं. आदल्या सकाळीच आम्ही नागपूरला नणंदेकडे गेलो. त्याआधीपासून वांगं, टमाटे, अंबाडी, जवसाची चटणी बंद. मऊ भात नि पातळ वरण. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच थांबवल्या होत्या. पावडरचं पाणी गार करून घोट घोट प्यायले. पिवळसर, नितळ पाणी पडायला लागलं तेव्हा जिवात जीव आला.

तपासणी इंजेक्शनच्या गुंगीत झाली. अस्तरावर निळा रंग फवारून पाहिलं, जागोजागचे बारीक तुकडे घेतले. रिपोर्टमध्ये डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरकडे झुकलेल्या पेशी, नाहीत असं लिहिलं होतं. वाचून मला रडूच आलं.

पुढची तपासणी साधारण 1 ते 5 वर्षांत. सूज किती, आतडं कुठे अरुंद झालंय का, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता का, यावर ठरतं. मला 3 वर्षांनी बोलावलंय. लहान आतड्याचा कॅन्सर दुर्मीळ आहे, पण त्यासाठी अशी ठरावीक तपासणी नाही. म्हणून पोट फुगून उलट्या, उतरतं वजन किंवा संडासवाटे रक्त दिसलं तर तारखेची वाट न पाहता यायचं, हे डॉक्टरांनी फाइलवरच लिहून दिलंय.