‘मापनयोग्य नाही’: रेखाटनाच्या वर्गाचं मूल्यमापन करताना

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजात, मी पायाभूत रेखाटन शिकवते. इथे प्रत्येक अभ्यासक्रमाला ‘स्टुडंट लर्निंग आउटकम’ लागतात, म्हणजे सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे याची विधानं. विद्यार्थ्यांना ते खरंच जमतंय का, हे ठरावीक काळाने तपासून कॉलेजला कळवायचं असतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी सीओ-पीओचे (अभ्यासक्रमाची आणि पदवीची अपेक्षित फलितं) तक्ते भरणाऱ्या आपल्याकडच्या प्राध्यापकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पुरावा गोळा करणं, गुण देणं, निकाल सिस्टिममध्ये भरणं ही कामं सरळ आहेत. गाडी अडते ती विधान आणि निकष मंजूर करून घेताना. त्या टप्प्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कॉलेजच्या समितीकडून फॉर्म परत आला, त्यावर एका ओळीचा शेरा: ‘मापनयोग्य नाही.’ क्रियापद चुकलं, निकष चुकला की पुरावा अपुरा, कशाचाच उल्लेख नाही. नमुना मागितला तर निबंधलेखनाच्या अभ्यासक्रमाचा मिळाला. निबंधातले परिच्छेद आणि संदर्भ मोजता येतात. कोळशाच्या चित्रात काय मोजायचं, हे सांगायला त्या कार्यालयात कोणी नव्हतं. चित्रकला मोजताच येत नाही असा समज दोन्ही बाजूंना असतो, आणि तो साफ चुकीचा आहे. पायाभूत रेखाटनात मोजण्यासारखं भरपूर असतं. फक्त ते चित्रकाराच्या भाषेत लिहावं लागतं.

परत आलेलं विधान असं होतं: ‘विद्यार्थी रेखाटनाच्या मूलतत्त्वांची समज दाखवतील.’ समज डोळ्यांना दिसत नाही. मंजूर झालं ते असं: ‘विद्यार्थी समोर मांडलेल्या वस्तुसमूहाची प्रमाणं, यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश निरीक्षणातून रेखाटतील.’ या तिन्ही गोष्टी (यथार्थदर्शन म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, वस्तू जिथून पाहतो तिथून दिसते तशी काढणं) कागदावर बोट ठेवून दाखवता येतात. ‘सर्जनशीलता’, ‘आवड’, ‘कलादृष्टी’ हे शब्द विधानात नकोत. वर्गात त्यांच्यावर जरूर बोला, फॉर्मवर ते अडकतात.

शेऱ्याचं दुसरं कारण रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या पायऱ्यांच्या तक्त्यात होतं. ‘उत्कृष्ट, चांगलं, बरं, कच्चं’ अशा चार पायऱ्या लिहिल्या की प्रत्येक शिक्षक आपल्या मनातलं उत्कृष्ट धरून गुण देतो. प्रत्येक पायरीला कागदावर काय दिसेल ते लिहा. भांड्याच्या तोंडाचं उदाहरण घ्या. पायरी १: लंबवर्तुळाची दोन्ही टोकं अणकुचीदार. पायरी २: तोंड बरोबर, पण टेबलावर टेकलेला तळ सरळ रेषेने मिटवलेला. नवशिक्याची ही सर्वांत नेहमीची चूक, कारण टेबल सपाट आहे हे त्याला माहीत असतं आणि तो पाहण्याऐवजी माहितीवरून काढतो. पायरी ३: तोंड आणि तळ दोन्ही डोळ्याच्या पातळीशी जुळणारे, म्हणजे भांडं पातळीच्या खाली असेल तर तळाचं लंबवर्तुळ तोंडाच्या मानाने जास्त उघडं. पायरी ४: हेच समूहातल्या सगळ्या गोल वस्तूंमध्ये, आणि प्रत्येकीचा मध्यअक्ष उभा.

छायाप्रकाशासाठीही तसंच. किमान पाच छटा वेगळ्या दिसतात का? सर्वांत गडद छटा बाह्यरेषेवर आहे की सावलीच्या भागात? टेबलावरून उसळलेला प्रकाश उजेडाच्या बाजूइतकाच पांढरा ठेवला असेल तर गोलाई मोडते, तिथे पायरी २ पेक्षा वर देऊ नका. असं लिहिलं की इतिहास शिकवणारा समितीसदस्यही चित्र समोर धरून तपासू शकतो, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं.

याच टप्प्यावर दुसरा वाद होतो: वर्गात ग्रेड देतोच, मग हे वेगळं कशाला? ग्रेडमध्ये हजेरी, स्केचबुक, उशिरा दिलेल्या कामाची कपात असं सगळं मिसळलेलं असतं. बी ग्रेडवरून विद्यार्थ्याचं यथार्थदर्शन कच्चं आहे की तो गृहपाठ उशिरा देतो, हे कळत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ए, बी, सी श्रेणीवर वाढलेल्या आपल्याला एका अक्षरात सगळं मावतं असं वाटतं, पण वस्तुचित्र चांगलं आणि संकल्पचित्र कच्चं, हे ते अक्षर सांगत नाही. त्यामुळे या एका मुद्द्यावर मी समितीच्या बाजूची आहे.

मग येतो ७० टक्क्यांचा निकष: ‘७० टक्के विद्यार्थी पायरी ३ किंवा वर असतील.’ हा आकडा जवळजवळ सगळे डोळे मिटून भरतात. आधी पट मोजा. १८ जणांच्या वर्गात १३ जण म्हणजे ७२ टक्के आणि १२ जण म्हणजे ६७. एका विद्यार्थ्यावर ‘साध्य’ की ‘असाध्य’ ठरतं. म्हणून दोन-तीन सत्रं किंवा सगळ्या तुकड्या एकत्र करा. ज्यांनी चित्र दिलंच नाही त्यांचं काय करायचं, हे सत्र सुरू होण्याआधी लिहून ठेवा. त्यांना ‘असाध्य’ धरलं तर तुम्ही रेखाटन न मोजता गैरहजेरी मोजता. मान्यता देणाऱ्या एसीसीजेसी आयोगाच्या २०१४च्या निकषांत विद्यार्थीगटांनुसार निकाल वेगळे पाहण्याची अपेक्षा होती, पण एखाद्या गटात तिघेच असतील तर त्यांची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. तसं फॉर्मवर स्पष्ट लिहा.

गुण एकट्याने देऊ नका. किमान दोघं बसा. आधीच्या सत्रांतली तीन चित्रं घ्या, एक कच्चं, एक मधलं, एक पक्कं. सगळ्यांनी न बोलता गुण लिहायचे, मग उघड करायचे. एका पायरीचा फरक चालतो. दोन पायऱ्यांचा आला तर रुब्रिकचं वाक्य संदिग्ध आहे असं समजून तेच दुरुस्त करा, समोरच्याची मनधरणी करू नका. फरकाचं नेहमीचं कारण म्हणजे एक जण रेषेच्या नजाकतीवर भाळतो आणि दुसरा मोजमापावर अडून बसतो. आपल्या विद्यार्थ्याचा हात ओळखू येतो हे दुसरं कारण, म्हणून आपल्या तुकडीची चित्रं दुसऱ्याकडे द्या.

सगळ्या तुकड्या एकत्र करून पट मोठा झाला असेल तर सगळी चित्रं तपासायची गरज नाही. हजेरीपटावरचा दर पाचवा विद्यार्थी घ्या. भिंतीवर लावायला निवडलेली चित्रं नमुना म्हणून अजिबात घेऊ नका.

फोटोंचं आधीच सांगायला हवं होतं. सत्र संपलं की विद्यार्थी चित्रं घरी नेतात, त्यामुळे शेवटच्या समीक्षेच्या दिवशीच फोटो काढा. १८ बाय २४ इंची कागद भिंतीवर सपाट लावा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे, फोन कागदाला समांतर. फोनच्या कॅमेऱ्यातली एचडीआर ही उजेड-सावली आपोआप जुळवणारी सोय बंद ठेवा, नाहीतर फोन गडद छटा उजळवतो आणि छायाप्रकाशाचे गुण खोटे ठरतात. ग्रॅफाइट चकाकतं, तिथे दिवे आणखी बाजूला सरकवा. फाइलच्या नावात विद्यार्थ्याचं नाव नको, सांकेतिक क्रमांक द्या आणि कोपऱ्यातली सही कापा. विद्यार्थ्यांच्या नोंदी १९७४च्या फर्पा या अमेरिकेतल्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली येतात. अंतर्गत मूल्यमापन चालतं, पण चित्र कॉलेजबाहेर दाखवायचं तर लेखी संमती घ्या, आणि ती पहिल्या आठवड्यातच. शेवटी कोणी सापडत नाही.

विधानाचे शब्द मंजूर अभ्यासक्रम आराखड्यात आणि तुमच्या सिलॅबसमध्ये तंतोतंत सारखे ठेवा. दोन्हीकडे वेगळं दिसलं तर फॉर्म पुन्हा परत.

‘सुधारणा’ या रकान्यात ‘अधिक सराव घेऊ’ लिहू नका. यथार्थदर्शनात निम्मे पायरी २ वर दिसले तर असं लिहा: तिसऱ्या आठवड्यात पारदर्शक काचेच्या बरण्यांचं रेखाटन, ज्यात तळाचं लंबवर्तुळ आरपार दिसतं, पुढच्या सत्रात त्याच रुब्रिकवर पुन्हा मोजणी. आम्ही तसं केलं, आणि सरळ रेषेने मिटवलेले तळ खरोखर कमी झाले. त्या चित्रांचे फोटो समितीपुढे ठेवताना मला मनापासून अभिमान वाटला.

तुम्ही अर्धवेळ शिकवत असाल तर एकत्र बसून गुण देण्याचे तास तुमच्या करारानुसार मानधनात धरतात का, हे विभागप्रमुखांना आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.