शेवटची पानं नसलेले समर्थ

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, आणि मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या वाचनालयाचा खरा हंगाम तोच. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली गेल्या की खलाशी, तांडेल (होडीचे प्रमुख) पुस्तकं न्यायला येतात. सगळ्यात आधी रिकामं होतं ते भयकथाकार नारायण धारपांचं कपाट. धारपांच्या कथेवरून सुचलेल्या २०१८च्या ‘तुंबाड’ सिनेमानंतर तर कॉलेजची पोरंही त्यासाठी भांडतात.

एक वयस्क तांडेल धारपांच्या समर्थ या नायकाच्या कथा ओळीनं वाचत होते. या कथांचा साचा ओळखीचा: कुणाला तरी काहीतरी झपाटतं, समर्थांचा सोबती अप्पा जोशी आपल्याला सगळं सांगतो, आणि समर्थ त्या अमंगळाला पुरून उरतात. पहिल्या एकदोन पुस्तकांत काटा येतो. पुढच्यांत, माझ्या मते, आपण घाबरायचं सोडून समर्थांची वाट बघत बसतो. काकांचंही तेच. ‘‘समर्थ इलो काय भीती गेली,’’ पुस्तक परत देताना दरवेळी म्हणायचे.

त्या दिवशी मात्र भर पावसात छत्रीशिवाय आले आणि पुस्तक टेबलावर आपटलं.

‘‘गो बाय, ह्या काय दिलंस माका? फुडची पानाच नाय हत!’’

खरंच नव्हती. बांधणी कसरीनं खाल्लेली, शेवटची चार-पाच पानं कधीचीच गळालेली. ऐन झुंजीत, समर्थ एका बाजूला आणि ते अमंगळ दुसऱ्या बाजूला, तिथंच गोष्ट तुटत होती.

‘‘रातभर झोप लागाक नाय,’’ काका म्हणाले. हा माणूस ऐन अमावास्येला जाळी टाकून दर्यात रात्र काढणारा! ‘‘समर्थ जिंकलो काय नाय, ता सांग.’’

‘‘काका, जिंकणारच की. पुढची पुस्तकं आहेत ना कपाटात!’’

‘‘ता माका ठावक हा. पण रात्री ठावक नव्हता.’’

यावर मला काही बोलता येईना. तालुक्याच्या वाचनालयातून दुसरी प्रत मागवते म्हटलं, तर ते चक्क नको म्हणाले. बाकावरचे दोन खलाशी कान देऊन ऐकत होते.

नियमाप्रमाणे असं पुस्तक निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, यादीत जायला हवं. मी पहिल्या पानावर पेन्सिलीनं ‘शेवटची पाने नाहीत’ एवढं लिहिलं आणि खलाशांकडे बघितलं. दोघंही एकदमच उठले. धाकट्याचा हात आधी पोचला.