पर्डिटाचं वर्षासन

भाचीकडे लंडनच्या पिनर उपनगरात पोचले आणि जेटलॅगनं तिसऱ्या दिवशीही पहाटे साडेचारला टक्क जाग आली. घर झोपलेलं. सहाला चपला सरकवून बाहेर पडले. पेन्स लेनवर एक जुनी दफनभूमी आहे. दगडांवरची नावं वाचत फिरणं ही माझी जुनी खोड, त्यामुळे आत शिरले. एका थडग्यावर होरेशिया हे नाव दिसलं. १८८१ साली, ऐंशी वर्षांची होऊन वारलेली, इंग्रज आरमाराचा सेनानी लॉर्ड नेल्सन याची लाडकी मुलगी. आईचं नाव शोधलं. नव्हतं.

आई म्हणजे एमा हॅमिल्टन. एके काळी तिचा चेहरा माहीत नाही असा माणूस लंडनमध्ये सापडला नसता. आणि तिच्या मुलीनं नेल्सनला बाप मानलं, पण एमाला आई म्हणून कधीच कबूल केलं नाही.

संध्याकाळी भाचीला म्हटलं, मला जॉर्जियन काळातल्या अशा बदनाम बायकांच्या मागावर जायचंय.

"मावशी, तुला बकिंगहॅम पॅलेस नको आणि ही लफडी हवीत?"

"अगं, लफडी राजवाड्यातलीच आहेत."

जॉर्जियन काळ म्हणजे जॉर्जिया देशाशी काही संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज आले, त्यांचा हा काळ. त्यातला चौथा युवराज असताना जे काही करत होता, त्यावर त्या वेळच्या वर्तमानपत्रांचं आणि व्यंगचित्रकारांचं पोट चालत असे.

पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट बेकर स्ट्रीट. बाहेर पडलं की मादाम तुसाँची रांग. ती ओलांडून दहा-बारा मिनिटं चाललं की मँचेस्टर स्क्वेअर आणि तिथे हर्टफर्ड हाउसमधलं वॉलेस कलेक्शन. प्रवेश फुकट. (हे आधी सांगितलं असतं तर भाची इतकी कुरकुरली नसती.) इथे एकाच बाईची तीन चित्रं आहेत, आणि काढणारे तिघं म्हणजे त्या काळचे सगळ्यात महागडे चितारी: गेन्सबरो, रेनॉल्ड्स, रॉम्नी. बाईचं नाव मेरी रॉबिन्सन. लंडन तिला पर्डिटा म्हणायचं.

कर्जबाजारी नवऱ्याबरोबर मेरीनं आधी तुरुंग पाहिला होता. कडेवर तान्ही मुलगी होती. नंतर पोटासाठी ती रंगभूमीवर आली. ३ डिसेंबर १७७९ ला ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात राजा सहकुटुंब आला. त्या दिवशी ती शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'वरून बेतलेल्या नाटकात पर्डिटा झाली होती. सतरा वर्षांचा युवराज बघतच राहिला. मग त्याची पत्रं सुरू झाली, खाली सही 'फ्लोरिझेल', म्हणजे नाटकातला पर्डिटाचा प्रियकर. एका उमरावाला चिठ्ठ्या पोचवायच्या कामाला लावलं. स्वतःचं चिमुकलं चित्रही पाठवलं, सोबत कागदाचं बदाम, त्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं की बदलेन तो मेल्यावरच. आणि शेवटी एक करारनामा: वयात आल्यावर तुला २०,००० पौंड देईन.

तिनं नाटक सोडलं. वर्ष संपायच्या आत त्याची दोन ओळींची चिठ्ठी आली, यापुढे भेटायचं नाही.

गेन्सबरोचं चित्र भलंमोठं आहे. झाडाखाली बसलेली मेरी, पायाशी पांढरा केसाळ कुत्रा. मी आधी कुत्र्याकडेच बघत होते. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटांत काहीतरी लंबगोल धरलंय, सहज, जसा आपण हल्ली मोबाइल धरतो. तेच ते युवराजाचं चित्र. हे तैलचित्र १७८१ चं, म्हणजे तो सोडून गेल्यानंतरचं, आणि काढून घेतलं ते त्यानंच. मागणी त्याची आणि हातात पुरावा तिचा. या बाईला कागदाची आणि वस्तूची किंमत बरोबर कळत होती. त्याची पत्रं तिनं जपून ठेवली होती, आणि ती परत मिळवायला राजाला ५,००० पौंड मोजावे लागले. आपण स्वतः असल्या भानगडीत कधी पडलो नाही, असं राजानं पंतप्रधानांना लिहिलं. बापाचं हे वाक्य कुठल्याही वाड्यात शोभलं असतं. पुढे फॉक्स या पुढाऱ्यानं मध्ये पडून वर्षाला ५०० पौंड ठरवले, तिच्या मागे मुलीला निम्मे. आपल्याकडे याला वर्षासन म्हणत. ते वेळेवर येत नसे, हेही तसंच.

युवराजानं सोडल्यानंतरच्या दोन वर्षांत तिनं पॅरिसहून आणलेला पातळ मलमलीचा झगा सगळ्या लंडननं शिवून घेतला, टोपीला तिचं नाव पडलं, आणि त्याच लंडननं गिलरेचं व्यंगचित्रही चवीनं पाहिलं, ज्यात तिला खानावळीच्या पाटीसारखं खांबावर खोचलंय. मग टार्लटन नावाचा लष्करी अधिकारी आला. तो कर्जापायी फ्रान्सला निघाला असं कळल्यावर १७८३ मध्ये ती रात्रीच्या गाडीनं त्याच्या मागे धावली, वाटेत आजारी पडली आणि पायांतली ताकद कायमची गेली. रेनॉल्ड्सचं १७८३-८४ चं चित्र त्यानंतर बघावं. मेरीनं आपल्याकडून तोंड फिरवलंय. मागे समुद्र आहे.

गेन्सबरोचं चित्र या घरात आलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. युवराजानं १८१८ मध्ये ते हर्टफर्ड घराण्याला देऊन टाकलं. त्या घरच्या लेडी हर्टफर्डवर तेव्हा त्याची मर्जी होती आणि या घरी त्याची सतत ये-जा असे. म्हणजे जुन्या मैत्रिणीचं चित्र नव्या मैत्रिणीच्या घरी! भाची इथे मोठ्यानं हसली आणि रखवालदारानं आमच्याकडे पाहिलं. मी वहीत १८१८ एवढंच टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रिनिचचं सागरी संग्रहालय. तिथे नेल्सनचा ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईच्या दिवशीचा कोट आहे. काचेला नाक लावून बघितलं: डाव्या खांद्याच्या झुपकेदार सोनेरी पट्टीपाशी एक भोक. लहान आहे. शर्टाचं काज जरा सैल झालं तर दिसेल, तेवढंच. ज्या गोळीनं तो मेला, ती ही.

हा कोट त्याच्यामागे एमाकडे आला. लोहाराची पोर. आधी चार्ल्स ग्रेव्हिलनं ठेवलेली, मग त्याला श्रीमंत मुलीशी लग्न करायचं होतं म्हणून त्यानं तिला नेपल्सला आपल्या मामाकडे धाडून दिलं. मामा सर विल्यम हॅमिल्टन, तिथला इंग्लंडचा राजदूत. त्यानं १७९१ मध्ये तिच्याशी चक्क लग्न केलं. भाच्याचा चेहरा कसा झाला असेल! लढाईच्या सकाळी नेल्सननं लिहून ठेवलं की एमाला मी राजाच्या आणि देशाच्या हवाली करतो. देशानं त्याच्या भावाला सरदारकी दिली, वर्षाला ५,००० पौंड दिले. एमाला काही नाही. आता खरं सांगायचं तर बाई उधळी होती, जुगारही खेळायची, नवऱ्याचं आणि नेल्सनचं जे मिळालं ते पुरलं नाही. १८१३ मध्ये कर्जापायी अटक. कोट तिनं एका देणेकऱ्याकडे सोडला होता. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्यानं तो १५० पौंडांना विकत घेतला. एमा त्याच्या तीस वर्षं आधी फ्रान्सच्या कॅले बंदरात वारली होती. शेजारी तेरा वर्षांची होरेशिया.

कॅलेला जायचं फार मनात होतं. एलिझाबेथ चडलीही तिथेच पळाली होती. ती एक नवरा जिवंत असताना ड्यूकशी लग्न लावून मोकळी झालेली, आणि १७७६ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भर गर्दीत तिच्यावर खटला चालला. दोषी ठरली, पण पहिला नवरा तोवर अर्ल झाल्यानं ती सरदारीण, आणि सरदारणीला शिक्षा म्हणून हातावर डाग देता येत नाही! तर त्या काळी फरारी बायकांना कॅले आत घेत असे. माझ्याकडे शेंगेन व्हिसा नव्हता.

त्याऐवजी ओल्ड विंडसर. वॉटर्लूहून गाडीनं विंडसर, तिथून बस, मग पाऊस. बसमध्ये आम्ही दोघी आणि एक आजोबा. चर्च थेम्सजवळ, आवारात ओलं गवत, डोक्यावरून हीथ्रोची विमानं. मेरीचं थडगं इथे आहे. पाय गेल्यावर तिनं लिहायला घेतलं: कविता, कादंबऱ्या आणि १७९९ मध्ये, टोपणनावानं, इंग्लंडच्या बायकांना एक जाहीर पत्र. कवी कोलरिजनं तिच्या कवितेचं कौतुक केलं. १८०० च्या डिसेंबरात ती गेली. मातीला लेखकांपैकी दोघं आले, गॉडविन आणि वॉल्कट. बाकी ज्यांनी तिचे झगे शिवून घेतले होते, त्यांतलं कोणी नाही.

युवराज इथून तासाभराच्या चालीवर विंडसर किल्ल्यातल्या चॅपलमध्ये पुरलेला आहे. भाचीनं विचारलं, जायचं का? तिकीट फोनवर बघितलं आणि दोघींनीही नको म्हटलं.

"मग त्या मुलीला मिळाले का गं अडीचशे?"

आईचं अर्धवट राहिलेलं आत्मचरित्र मुलीनंच छापून आणलं. तीही याच थडग्यात आहे, आईशेजारी. मी वही उघडली, पानं ओली झाली होती. तिच्या मृत्यूचं साल १८१८. चित्र देऊन टाकलं तेच.

बस यायला वीस मिनिटं होती. थांब्याला छप्पर नव्हतं.