पहाटे साडेचारचा पदपथ

माझ्या नकाशात तो पदपथ रिकामा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या वॉरिक जंक्शन या गजबजलेल्या वाहतूक-नाक्यावरचा, बेरिया स्टेशनजवळचा. आमच्या कचेरीने मोजणी केली ती रविवारी दुपारी. तिच्या आधारावर मी कणसं विकणाऱ्या बायकांसाठी मागच्या गल्लीत जागा आखली होती.

सही करण्याआधी एकदा बघून यावं म्हणून मंगळवारी पहाटे साडेचारला गेलो. ड्रमांत कणसं उकळत होती, लाकडाचा धूर डोळ्यांत जात होता. रात्री गोदामात ठेवलेला माल हातगाडीवाले धावत बाहेर आणत होते. पलीकडच्या पहाटबाजारात भाजी उतरत होती. हा बाजार 1910 सालचा, उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेल्या भारतीयांच्या मुलाबाळांनी वाढवलेला. कोथिंबिरीला तिथे आजही ‘धनिया’च म्हणतात! 2009 मध्ये तिथे मॉलचा घाट घातला गेला. विक्रेते रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, आणि 2011 मध्ये तो बेत मागे घेतला गेला.

“बुती, काय मोजतोस?” कणसं काढता काढता एका मामाने विचारलं. (तिथे वयस्क बाईला मामा म्हणतात, आणि मी तिचा बुती, म्हणजे भाऊ.) मी नकाशा दाखवला. तिने गल्लीवर बोट ठेवलं. “इथून कोण जातं?”

मला सांगता येईना.

“मग उजाडेपर्यंत माझ्याजवळ थांब.”

थांबलो. टॅक्सीतून (तिथे टॅक्सी म्हणजे अनेकांना एकत्र नेणारी मिनीबस) उतरलेली माणसं नाणी हातात तयार ठेवूनच येत. चाल मंदावायची नाही, घासाघीस नाही. कणीस घेतलं की गाडीकडे. वॉरिकमधून रोज साडेचार लाखांच्या आसपास माणसं ये-जा करतात, हा आकडा माझ्या अहवालात होता. त्यांची वाट मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. मधेच गल्लीत जाऊन उभा राहिलो. तिच्या ड्रमपासून जेमतेम चाळीस पावलं, पण तिकडे कोणी फिरकलं नाही. गाडी गाठायची असलेला माणूस कणसासाठी चाळीस पावलं वाकडी वाट करत नाही. त्या गल्लीत हलवून मी त्या बायकांचा धंदाच बंद करत होतो.

त्याच दिवशी आखणी बदलली. बायका जिथल्या तिथे, आणि चालणाऱ्यांसाठी रस्त्याच्या बाजूने रुंदी वाढवली. नवा नकाशा घेऊन पुन्हा मामाकडे गेलो. तिने तो बराच वेळ पाहिला.

“नळ कुठाय?”

तिच्या ड्रमशेजारी निळा ठिपका काढून दिला. आखणी मंजूर झाली, नळ अजून नाही. परवा तिसरं पत्र पाठवलंय.