लांबट भोक

होळी आटोपली की नागपुरातल्या घरांमध्ये कूलरची चर्चा सुरू होते. गच्चीवरून, जिन्याखालून तो पत्र्याचा अवजड डबा बाहेर निघतो, नव्या ताट्या येतात, पंप चालतो का ते बघितलं जातं आणि दोघं-तिघं मिळून त्याला खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवतात. तिथपर्यंत सगळं रीतसर. मग संध्याकाळी कुणीतरी पडदा ओढायला जातं, आणि तो ओढला जात नाही. तीन पल्ल्यांच्या खिडकीतला एक पल्ला कूलरने घेतलेला असतो, त्याची जाळी चौकटीतून चांगली चार इंच आत आलेली असते. पडद्याची दांडी मात्र भिंतीपासून तीनच इंचांवर. कापड जाळीवर अडतं, तिथेच फुगतं, कूलर सुरू झाला की फडफडतं, आणि शेवटी त्याला गाठ मारून खिडकीच्या गजाला बांधतात. जूनपर्यंत कित्येक घरांतले पडदे असे मुटकुळं होऊन असतात.

दांडी पुढे का घेत नाहीत? कारण भिंतीवर दांडी पेलणारा ब्रॅकेट ठरलेल्या मापाचा येतो. तीन इंच म्हणजे तीन इंच. तो बनवणाऱ्याने खिडकी पाहिली असेलही, पण खिडकीतला कूलर पाहिलेला नसावा. माझा जन्म पत्र्याच्या वस्तूंची ड्रॉइंग करण्यात गेला, त्यामुळे असला ब्रॅकेट दिसला की हात शिवशिवतात. पुढे-मागे होणारा, खाली-वर होणारा, आणि जिथे ठेवला तिथेच राहणारा ब्रॅकेट हवा. तिन्ही गोष्टी एकदम. पहिल्या दोन सोप्या आहेत, तिसरीत सगळी गंमत आहे.

पुढे-मागे का, याचं उत्तर नुसता कूलर नाही. नागपूर साधारण एकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमाराला भर दुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ तापलेले दिवस, चालू असतो तेव्हाच. तेव्हा बाराचं ऊन खिडकीतून आत येत नाही, ते स्लॅबवर पडतं. खिडकीतून येतं ते तीननंतरचं, पश्चिमेचं. आणि ते सरळ समोरून येत नाही. जूनमध्ये इथला सूर्यास्त ठीक पश्चिमेपेक्षा जवळजवळ पंचवीस अंश उत्तरेकडे होतो. पश्चिमेच्या खिडकीपाशी बाहेर तोंड करून उभं राहिलं की सूर्य उजवीकडे असतो, म्हणून ऊन तिरपं होऊन पडद्याच्या डाव्या काठाच्या फटीतून आत घुसतं. डिसेंबरात उलट: सूर्य तेवढाच दक्षिणेला सरकलेला, ऊन उजव्या फटीतून. पण ते हवंहवंसं असतं, त्याच्या वाटेत कुणी खुर्ची टाकून बसतं.

म्हणजे दांडी भिंतीपासून जितकी लांब, तितकी बाजूची फट मोठी. कूलरसाठी सहा इंच पुढे घ्यावी तर डावीकडून उन्हाचा पट्टा थेट दिवाणावर. यावर जुना उपाय आहे, दांडीचं टोक काटकोनात वळवून भिंतीला भिडवायचं, म्हणजे पडदाही वळतो आणि फट झाकते. पण मग ब्रॅकेट पुढे-मागे झाला की ते वळणही लांब-आखूड व्हायला हवं. त्यासाठी एका नळीत दुसरी नळी सरकवली. हिवाळ्यात कूलर उतरला की सगळं मागे ढकलायचं, कारण तेव्हा खोलीतले सहा इंच फुकट कशाला घालवायचे? तशाही आमच्याकडच्या खोल्या दहा बाय बाराच्या.

खरं तर ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. एकदा ते काचेतून आत आलं की पडद्याने त्याला थोडंफारच परतवता येतं. बाकीची उष्णता कापडात आणि खोलीतच राहते. बाहेर सोडलेली बांबूची चिक या कामात कुठल्याही महागड्या पडद्याला भारी आहे, आणि बांबूला विदर्भात तोटा नाही. पण वरच्या मजल्यावर बाहेरून चिक बांधायला कोण लोंबकळणार? म्हणून आतला पडदा. त्याला काचेच्या बाजूने पांढरं अस्तर आणि वरून पेल्मेट, म्हणजे दांडी झाकणारी खोकेवजा पट्टी, एवढं केलं तरी फरक पडतो. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, वर चढते आणि पडद्याच्या डोक्यावरून खोलीत येते. खालून नवी हवा आत ओढली जाते. वरचं तोंड बंद केलं की हे चक्र मंदावतं. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांतली लाकडी पेल्मेटं आपल्याला नुसती शोभेची वाटतात. २३ मे २०१३ला पारा ४७.९वर गेला होता, त्या दिवशी ती कुणाला शोभेची वाटली नसावीत.

आता खाच. ब्रॅकेटच्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडलं की स्क्रू त्यात सरकतो आणि वस्तू हलवता येते. हे कुणालाही सुचतं. फरक पडतो तो खाच कुठल्या दिशेला आणि कशासाठी यात. उभ्या खाचेत स्क्रू घट्ट आवळला आणि पडद्याचं वजन नुसत्या त्या आवळण्यावर सोडलं, तर काही महिन्यांत एक बाजू खाली बसते. मुलं पडद्याआड लपतात, कुणी उठताना पडद्याचाच आधार घेतं, प्रत्येक हिसक्याला केसभर सरकतं. म्हणून माझा नियम असा की वजन घर्षणावर टाकायचं नाही. भिंतीवरच्या पट्टीत एक उभी खाच आणि एक गोल भोक. आधी खाचेतला स्क्रू अर्धवट आवळायचा, दांडी ठेवून बघायची, हवी तिथे आणायची, मग गोल भोकातून भिंतीत ड्रिल मारून दुसरा स्क्रू ठोकून टाकायचा. खाचेचं काम तिथे संपलं. ती होती मिस्त्रीच्या हातासाठी, पडद्याच्या वजनासाठी नव्हे.

पुढे-मागे करणाऱ्या आडव्या पट्टीत मात्र खाच कायमची लागते, कारण ती वर्षातून दोनदा हलणार. तिथे एक बोल्ट ठेवला तर पट्टी त्या बोल्टाभोवती फिरते आणि दांडीचं नाक खाली येतं. दोन बोल्ट थोड्या अंतरावर ठेवले की फिरणं बंद. दोन पट्ट्यांच्या एकमेकींना भिडणाऱ्या अंगांवर करवतीसारखे बारीक दात पाडले तर सरकणंही बंद. खर्च वाढतो, पण हिंगण्याच्या एमआयडीसीत पत्रा कापून-वाकवून देणारे पुष्कळ आहेत, दातांचं काम ऐकून कुणी दचकत नाही. दचकतात ते दोनच नगांची ऑर्डर ऐकून.

भिंतीवर जोर किती येतो हा हिशेब लोक करत नाहीत. दांडी भिंतीपासून पंधरा सेंटीमीटर पुढे आणि पट्टीवरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर पाच सेंटीमीटर असेल, तर वरचा स्क्रू वजनाच्या तिप्पट जोराने बाहेर ओढला जातो. ब्रॅकेटवर तीन किलो असेल तर स्क्रूवर नऊ. हिवाळ्यात दांडी साडेसात सेंटीमीटरवर नेली की तेच साडेचार. म्हणून पट्टी उंच घ्यावी, दोन स्क्रू एकमेकांपासून लांब न्यावेत. पट्टीची जाडी वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. महालातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन हात रुंद असतात, पण ड्रिल लागलं की चुना भुरभुर गळतो, स्क्रूसाठी ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी आतल्या आत फिरते. तिथे लाकडी गुट्टी पुरून तिच्यात स्क्रू घालावा लागतो. नव्या फ्लॅटमध्ये उलटी तऱ्हा: खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचं लिंटेल, ड्रिल मधेच सळईवर जाऊन किंचाळतं, आणि भोक बोटभर बाजूला घ्यावं लागतं. इथेही खाच कामी येते.

आमच्याकडे काम करणारे मिस्त्री मात्र पाणसळ पाहून हसतात. मी दांडीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला आणि समाधानाने खाली उतरलो. ते दाराशी उभे होते.

"भाऊ, तेढा दिसून राह्यला."

"पाणसळ बघा ना, बुडबुडा बरोबर मधात आहे."

"दांडी सिधीच हाय. स्लॅब तेढा हाय. पन मानूस पाणसळ घेऊन बसन का तुमच्या घरी?"

मुद्दा बिनतोड होता. डोळा जमिनीशी तुलना करत नाही, जवळ जी रेघ असेल तिच्याशी करतो. छत एका बाजूला अर्धा इंच उतरलेलं असेल आणि दांडी छताजवळ असेल, तर अगदी समपातळीतली दांडीसुद्धा वाकडी वाटते. मग छताशी थोडं, खिडकीच्या चौकटीशी थोडं असं जुळवून घ्यावं लागतं, आणि ते ड्रॉइंगवर काढता येत नाही. दाराशी उभ्या माणसाने "थोडं वर, अजून, बस" म्हणायचं आणि स्टुलावरच्याने ऐकायचं. मिस्त्रींनी तेच केलं, म्हणजे ते "बस" म्हणाले आणि मी स्टुलावर होतो. मजुरी मी त्यांनाच दिली.

कापडी पडदा एवढी सवलत देतो. गुंडाळणारा ब्लाइंड देत नाही. त्याची नळी जराशी जरी एका अंगाला कलली तरी कापड गुंडाळताना बाजूला सरकत जातं, कडा ब्रॅकेटला घासते आणि तिचे धागे निघतात. तिथे मिस्त्रींचा डोळा चालत नाही, पाणसळच हवी. त्यामुळे ब्लाइंड आणि पडदा एकाच ब्रॅकेटवर टांगायचा मोह मला झाला तरी मी तो आवरला. दोघांचं सरळपण वेगळं.

मोठ्या खिडकीला तिसरा ब्रॅकेट लागतो आणि खरी परीक्षा तो घेतो. दोन बिंदूंतून सरळ रेघ जाणारच, त्यांना काही सिद्ध करावं लागत नाही. तिसरा कधीच त्या रेघेवर येत नाही, कारण भिंतीला मधे फुगवटा असतो किंवा गिलावा खोलगट झालेला असतो. आणि तो टाळताही येत नाही. पडदा सारखाच जाड असला तर दांडीची लांबी दुप्पट होताच मधलं पोट दुप्पट नाही, सोळापट होतं. म्हणून टोकाचे दोन ब्रॅकेट साधे असले तरी चालतील, पण मधला हलता हवाच. उन्हाळ्यात लोखंड वाढून दांडी वाकते असं छातीठोक सांगणारे भेटतात. सहा-सात फुटांची दांडी तीस अंशांच्या फरकाने मिलीमीटरभरही वाढत नाही. वाकते ती पडद्याच्या वजनाने.

खाली-वर करण्याची गरज मला घरातूनच कळली. गांधीबागेतून आणलेलं सुती कापड, शिंप्याने मापात शिवलेला सात फुटी पडदा, फरशीला अगदी टेकणार नाही असा. पहिल्या धुण्यानंतर तो वर गेला. सुती कापड शेकडा तीन आटलं तरी सात फुटांत अडीच इंच होतात. दाराखालून डोकावणाऱ्या पायजम्यासारखा दिसायला लागतो. सौभाग्यवतींचं म्हणणं, कापड आधी भिजवून घ्यायला हवं होतं. शिंप्याचं म्हणणं, कुणी सांगितलं नाही. या वादात न पडता मी दांडी ज्यात बसते त्या अर्धगोल खोबणीखाली आटे पाडलेला तीन इंची दांडा दिला आणि त्यावर दोन नट. खालचा नट फिरवला की खोबणी खाली-वर होते, वरच्याने ती जाम होते. वजन नटावर बसतं, घसरायचा प्रश्न नाही. पडदा आटला की दांडी उतरते.

पूर्वी या भानगडी नव्हत्या. खिडकीच्या दोन बाजूंना दोन आकडे, मधे प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंगची तार, तीत ओवलेला झिरझिरीत अर्धा पडदा. तार सैल झाली की कापून एक इंच आखूड करायची. पडदा मधे झोळ खाऊन असायचा आणि वरच्या अर्ध्या खिडकीतून ऊन बिनदिक्कत आत यायचं. दुपारी खिडकीची लाकडी दारंच बंद असायची, म्हणून चालून गेलं. आता काचेचे सरकते पल्ले आले, दारं गेली, आणि सगळा भार पडद्यावर आला.

किरायाने राहणाऱ्यांचं आणखी वेगळं. घरमालक प्रत्येक भोक मोजून ठेवतो आणि घर सोडताना डिपॉझिटमधून वळतं करतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलांनी ब्रॅकेट बघितला, इकडून तिकडून हलवून पाहिला आणि विचारलं, "काका, भिंतीत भोक न पाडता होईल का?" खिडकीच्या चौकटीत दोन बाजूंना दाबून बसणारी दांडी होते, मी सांगितलं, पण ती चौकटीच्या आत बसणार आणि कूलर पण तिथेच. ते म्हणाले, मग कूलर बाल्कनीच्या दारात ठेवतो. आता ते दाराच्या चौकटीचं माप घेऊन येणार आहेत.