आमची वाटचाल : पुढच्या खोलीतलं वाइंडिंग

विट्यात आमचं वर्कशॉप म्हणजे घराचीच पुढची खोली. आमचे हे आयटीआय झालेले, आधी फक्त मोटारी भरायचे (जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे) आणि ट्रान्सफॉर्मर आला की "नवीनच घ्या" म्हणून परत पाठवायचे, पण स्टॅबिलायझर, बॅटरी चार्जर असलं इतकं यायला लागलं की नाही म्हणणं परवडेना. मग वाइंडिंग मशीन माझ्याकडे आलं, कारण मध्येच कोणी हाक मारली तरी माझे टर्न (तारेचे वेढे) चुकत नाहीत, ह्यांचे चुकतात.

खोलणं हेच निम्मं काम. वार्निशने कोअरच्या, म्हणजे मधल्या लोखंडी गाभ्याच्या, पट्ट्या अशा चिकटलेल्या असतात की पहिली निघेपर्यंत जीव जातो, आणि ठोकाठोकीत वाकल्या की नंतर ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतच राहतो. तार उलगडताना टर्न मोजायचे, इनॅमल खरवडून गेज (तारेची जाडी) बघायचा, सगळं वहीत लिहायचं. पार कोळसा झाला असेल तर कोअरवरून हिशोब: मधल्या भागाचं क्षेत्रफळ चौरस सेंमीत काढून 45 ला त्याने भागायचं, की एका व्होल्टला किती टर्न ते आलं. 25 चौ. सेंमी असेल तर 1.8, म्हणजे 230 व्होल्टला 414. सेकंडरीला (व्होल्टेज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगला) पाचेक टक्के जास्त, नाहीतर लोडवर व्होल्टेज पडतं.

गणपतीच्या तोंडावर साउंडवाले अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर घेऊन येतात, सगळ्यांना उद्या सकाळीच पाहिजे. (बहुतेकांनी फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असते, विचारलं की हसतात.) वार्निश सुकल्याशिवाय मी देत नाही, भांडण झालं तरी चालेल. शेवटी 100 वॅटचा बल्ब सिरीजला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्याच लाइनीत, लावून चालू करतो, लोड नसताना बल्ब लख्ख पेटला तर आत टर्न शॉर्ट आहे, परत खोला.

स्वस्त स्टॅबिलायझरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची तार निघते. लोक म्हणतात तांब्याची भरा, जागेत बसते पण, तांबं तेवढ्याच करंटला बारीक चालतं, फक्त कधीकधी खर्च नव्या स्टॅबिलायझरएवढा होतो, तेव्हा आम्ही सरळ सांगतो की नका करू.

वह्यांची आता चळत झालीय, तेच मॉडेल परत आलं की मोजायची भानगडच नाही. एका वाइंडिंगवाल्याने त्या बघायला मागितल्या होत्या, ह्यांनी त्याला चहा पाजून पाठवलं.

डीपी जळाला म्हणून पण फोन येतात. ते 11 केव्हीचं, तेलातलं काम आमचं नव्हे, महावितरणला कळवा. पाच केव्हीएपर्यंतचं काहीही आणा, फक्त आधी कोणी खोलून तार तोडली असेल तर तेवढं आल्या आल्या सांगा.